पॅकिंग क्यूब घ्यावेत का? चारधामच्या ११ रात्रींनंतर माझं मत

मागच्या मे अखेरीला आम्ही पाच जण चारधामला जाऊन आलो, मी, नवरा, दहावी संपलेला मुलगा, माझी आई आणि सासूबाई, आणि निघायच्या आधी मी पॅकिंग क्यूबचे, म्हणजे बॅगेत कपडे वेगवेगळे भरायच्या चेनवाल्या चौकोनी कापडी पिशव्यांचे, दोन सेट ऑनलाइन मागवले होते. एका सेटमध्ये सहा नग, सेट साधारण सातशे रुपयांना पडला. तेव्हापासून मैत्रिणी, भावजया, सोसायटीतल्या बायका सगळ्या एकच विचारतायत की ह्याचा खरंच उपयोग होतो का नुसतं फॅड आहे, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

आधी ही ट्रिप कशी होती ते सांगते, कारण क्यूबचा उपयोग ट्रिपवर अवलंबून आहे हे मला तिथेच कळलं. पहिली रात्र हरिद्वार, मग बडकोटला दोन (मधल्या दिवशी यमुनोत्री), उत्तरकाशीला दोन (मधल्या दिवशी गंगोत्री), मग गुप्तकाशी, एक रात्र वर केदारनाथला, परत गुप्तकाशी, मग बद्रीनाथ, येताना रुद्रप्रयाग आणि शेवटी परत हरिद्वार. म्हणजे ११ रात्री आणि ९ वेळा सामान उतरवायचं, उघडायचं, भरायचं, गाडीच्या कॅरियरवर चढवायचं. आमची इनोव्हा होती, वर ताडपत्री आणि दोरी बांधलेली, त्यामुळे एकदा सकाळी बॅगा वर गेल्या की संध्याकाळपर्यंत त्यांना हात लागत नाही. बरं, निघायचं पहाटे पाचला, खोलीत लाइट कधी असते कधी नसते, दोन म्हाताऱ्या माणसांचं आवरायचं, औषधं द्यायची, आणि त्यात "माझे मोजे कुठायत" हे कोणीतरी विचारणारच. आमच्याकडे आधीच्या प्रत्येक ट्रिपला तिसऱ्या दिवसापर्यंत बॅगेत नुसतं कालवण झालेलं असायचं, वरचं खाली, धुतलेल्यात घाण कपडे, आणि ते सगळं निस्तरायचं काम माझं.

तर पहिली गोष्ट, क्यूबमुळे सामान कमी होत नाही. हे मी अगदी ठासून सांगते कारण जाहिरातीत असं दाखवतात की ढीगभर कपडे दोन चेन ओढल्या की चपट होतात. होतात, नाही असं नाही, आमच्या एका सेटमध्ये ती दुसरी चेन ओढून दाबायची सोय होती. पण दाबून हवा जाते, वजन जात नाही. पुणे-दिल्ली विमानाला माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातली बॅग, आणि जागा वाचली म्हणून मी अजून दोन स्वेटर आणि एक शाल कोंबली तर घरी काट्याला लावल्यावर एक बॅग १७ किलोच्या वर गेली, सगळं परत उपसायला लागलं. वर क्यूबचं स्वतःचं वजन असतं ते वेगळंच, किचनच्या काट्यावर एक सेट ४१० ग्रॅम भरला, दोन सेट म्हणजे पाऊण किलोच्या वर नुसतं कापड आणि चेन. विमानाने जाणार असाल तर हे धरूनच चला.

दुसरी गोष्ट, भरायचं कसं. इथे मी चुकले आणि बडकोटला रात्री बसून सगळं परत लावलं. व्हिडिओत सांगतात तसं मी प्रकाराप्रमाणे भरलं होतं, एका क्यूबमध्ये सगळ्यांचे शर्ट-कुर्ते, एकात पँटी-सलवारी, एकात आतले कपडे, एकात लोकरीचं. दिसायला फार छान दिसत होतं. पण एका जागी चार दिवस राहायचं असेल आणि कपाटात लावायचं असेल तरच ते ठीक आहे. आमच्या दोन खोल्या, आई आणि सासूबाई एका खोलीत, आम्ही तिघं दुसऱ्या, मग अर्धे क्यूब या खोलीत अर्धे त्या खोलीत, एका माणसाचा एक ड्रेस काढायला चार चेना उघडा आणि चार बंद करा. हरिद्वारला पहिल्याच सकाळी माझ्या लक्षात आलं की हे चालायचं नाही.

बडकोटला मग माणसाप्रमाणे लावलं. प्रत्येकाचा एक मोठा क्यूब, त्यात त्याचे रोजचे कपडे, आणि कपडे जोडीने गुंडाळलेले, म्हणजे कुर्ता-सलवार-आतले कपडे-मोजे अशी एक वळकटी, एका दिवसाची. सकाळी एक वळकटी उचलायची की संपलं. जे एकाच ठिकाणी लागणार ते वेगळं काढलं, म्हणजे केदारनाथचं थर्मल, कानटोपी, हातमोजे, जाड मोजे असं सगळ्यांचं एकत्र दोन क्यूबमध्ये, ते गुप्तकाशीपर्यंत उघडायचेच नाहीत. आणि एक रिकामा क्यूब वापरलेल्या कपड्यांसाठी. ह्यानंतर खरंच फरक पडला, आणि तो मला रोज जाणवत होता. उत्तरकाशीहून निघताना माझ्या मुलाने त्याचं स्वतःचं आणि दोन्ही आज्यांचं सामान एकट्याने भरलं, कुणालाही काहीही न विचारता, मला ह्याचं किती बरं वाटलं सांगू शकत नाही. आधी हे सगळं फक्त माझ्या डोक्यात असायचं, कुठली वस्तू कुठे आहे ते, आता ते बॅगेवर दिसत होतं.

रंगाबद्दल एक. माणशी वेगळा रंग घ्या असं सगळे सांगतात, ते बरोबर आहे, पण आमच्या दोन सेटमध्ये एक नेव्ही ब्लू आणि एक काळपट राखाडी होता, आणि गुप्तकाशीला लाइट गेली तेव्हा मोबाइलच्या उजेडात दोन्ही सारखेच. सासूबाईंनी आपल्या क्यूबच्या चेनला आधीच लाल नाडा बांधून ठेवला होता, हरिद्वारलाच, मला न सांगता. "अगं, हाताला लागतं, डोळ्याला दिसायला नको," म्हणाल्या. मग मी सगळ्यांच्याच चेनला काही ना काही बांधलं, कुणाला रबरबँड, कुणाला गाठ मारलेली रिबन. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हे नक्की करा, आणि चेनचा रनर मोठा आहे ना ते बघा, आईच्या बोटांना संधिवात आहे, तिला तो बारीक रनर पकडताच येत नव्हता, नाडा बांधल्यावर ती स्वतःची स्वतः उघडायला लागली.

सासूबाई नऊवारी नेसतात. क्यूब बनवणाऱ्यांनी नऊवारीचा विचार केलेला नाही, करणार तरी कसा, पण आपल्याकडच्या घरांत हे लक्षात घ्यायलाच पाहिजे. नऊ वार म्हणजे आठ मीटरच्या वर कापड, सुती नऊवारीची घडी चांगली जाडजूड होते, मधल्या आकाराच्या क्यूबमध्ये दोन बसल्या की तो भरला, आणि दाबायची चेन ओढली की अशा चुण्या पडतात की त्या इस्त्रीशिवाय जात नाहीत. त्यांची दर्शनाची चांगली साडी मी शेवटी आपल्या नेहमीच्या साडी कव्हरमध्ये घातली आणि बॅगेत सगळ्यात वर आडवी ठेवली, ती शेवटपर्यंत नीट राहिली. साड्यांना दाबायचे क्यूब वापरू नका, बस. टी-शर्ट, थर्मल, फ्लीसचं जॅकेट ह्यांना मात्र ते उत्तम आहेत, कारण फुगीर कपड्यांमध्येच खरी हवा असते.

आता केदारनाथ. सोनप्रयागला यात्रेचं रजिस्ट्रेशन बघतात, तिथून जीपने गौरीकुंड ५ किलोमीटर, आणि पुढे वर १६ किलोमीटरच्या वर चढण. आई आणि सासूबाई डंडीतून (माणसं खांद्यावरून नेतात ती खुर्चीसारखी पालखी), आम्ही तिघं चालत. मोठ्या बॅगा गुप्तकाशीच्या हॉटेलात ठेवल्या आणि दोन सॅक घेतल्या. इथे क्यूबने पूर्ण पैसे वसूल केले असं मी म्हणेन, कारण पहाटे चारला काहीही शोधायला लागलं नाही, ते बाजूला ठेवलेले दोन थंडीचे क्यूब आणि औषधांचा छोटा जाळीचा क्यूब उचलून सॅकमध्ये टाकले आणि निघालो. जाळीचं झाकण औषधांना फारच सोयीचं, बीपीच्या गोळ्यांची पट्टी न उघडता दिसते. रजिस्ट्रेशनच्या प्रिंट आणि सगळ्यांची आधार कार्डं एका पारदर्शक पाऊचमध्ये होती, ती सोनप्रयागला लगेच हाताशी आली.

पण वाटेत भीमबलीच्या पुढे पाऊस लागला, आणि पहाडातला पाऊस म्हणजे तुम्हाला माहितीये, अर्ध्या तासात सॅकला रेनकव्हर असूनसुद्धा पाणी पाठीकडून आत. एक क्यूब मी कचऱ्याच्या मोठ्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळला होता, दुसरा तसाच होता कारण क्यूबच्या माहितीत वॉटर रेझिस्टंट लिहिलं होतं. वर पोचल्यावर पिशवीतला कोरडा ठणठणीत, आणि दुसऱ्यातलं आईचं थर्मल आणि दोन मोज्यांचे जोड दमट. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, मे महिन्यातसुद्धा रात्री बोटं वाकत नाहीत अशी थंडी, तिथे पंचाहत्तर वर्षांच्या बाईला दमट थर्मल देता येत नाही. मी माझं तिला दिलं आणि रात्रभर जॅकेट घालून झोपले. झालं काही नाही, पण ह्याचा मला आजही राग येतो, स्वतःचाही आणि त्या लिहिण्याचाही. वॉटर रेझिस्टंट म्हणजे चार थेंब पडले तर ओघळून जातील इतकंच, चेनच्या शिवणीतून पाणी जातंच. पावसाची शक्यता असेल तर प्रत्येक क्यूब प्लास्टिकमध्ये घाला, दहा रुपयांची पिशवी पुरते.

उलटंही तितकंच खरं आहे, ओलं आतून बाहेर येतं. बद्रीनाथला तप्तकुंडात सगळ्यांनी स्नान केलं, दर्शन झालं, आणि तसंच रुद्रप्रयागला निघायचं होतं, वाळवायला वेळ कुठे. ओले कपडे, टॉवेल, सासूबाईंचं लुगडं सगळं नवऱ्याने त्या वापरलेल्या कपड्यांच्या क्यूबमध्ये भरलं आणि वर दाबायची चेन ओढली. रुद्रप्रयागला संध्याकाळी उघडलं तर वास, आणि शेजारच्या क्यूबमधल्या मुलाच्या शर्टांना ओल लागलेली. नायलॉनच्या कापडातून हवा खेळत नाही. ओल्यासाठी साधी प्लास्टिकची पिशवी किंवा मग सुती पिशवीत घालून गाडीत मागे अडकवायची, क्यूब नको.

आणि ती दाबायची चेन आमच्या एका क्यूबची सातव्या दिवशी गेली. पूर्ण उसवली नाही, पण रनर दातांवरून सुटला, ओढला की मागून चेन उघडी. आपल्या गल्लीत बॅगा दुरुस्त करणारे काका आहेत त्यांना आल्यावर दाखवलं, त्यांनी बघूनच सांगितलं की ३ नंबरची चेन लावलीये, ज्यावर ताण येतो तिथे निदान ५ नंबर पाहिजे. चेनला नंबर असतात हे मला माहीतच नव्हतं, बऱ्याचदा रनरच्या मागे तो आकडा कोरलेला असतो, घेताना उलटून बघा. काकांनी साठ रुपयांत बदलून दिली, आता तो क्यूब सगळ्यात मजबूत आहे.

घ्यायच्या आधी अजून एक, आपली बॅग आतून मोजा. बाहेरून नाही, आतून. ट्रॉली बॅगेच्या तळाला हँडलच्या दोन दांड्यांमुळे उंचवटे असतात, आणि चौकोनी क्यूब तिथे सपाट बसत नाहीत, मधल्या खाचा वाया जातात. आमच्या २४ इंची बॅगेत दोन मोठे क्यूब शेजारी शेजारी बसतील असं वाटलं होतं, ते दोन बोटांनी राहिले, म्हणून एक आडवा एक उभा असं करायला लागलं. खाचांमध्ये मी मोजे आणि चपलांच्या पिशव्या सुट्ट्या भरल्या. मऊ कापडाच्या डफल बॅगेत किंवा सॅकमध्ये हा त्रास नाही. आणि क्यूब अर्धवट भरू नका, रिकामा क्यूब आत घसरतो आणि घड्या मोडतात, त्यापेक्षा छोटा आकार घ्या आणि तो पूर्ण भरा.

परतीला हरिद्वारहून लोकमान्य टिळक टर्मिनसची एसी गाडी होती, थ्री टायरला सामान माणशी ४० किलोपर्यंत चालतं म्हणून वजनाची चिंता नव्हती, गंगाजलाचे कॅन आणि प्रसाद सगळं आलं. मोठ्या बॅगा बर्थखाली सरकवल्या आणि चेन लावून कुलूप घातलं, गाडीत लागणारं एका क्यूबमध्ये काढून डोक्याशी ठेवलं. दोन्ही आज्यांना खालचे बर्थ मिळाले होते, त्यांना एकदाही उठवून बॅग ओढायला लागली नाही.

तर घ्यायचे का? दोनपेक्षा जास्त माणसं, तीनपेक्षा जास्त मुक्काम, तर घ्या, डोळे मिटून घ्या. गावी एका घरी चार दिवस जायचंय, किंवा महाबळेश्वरला दोन रात्री, तर गरज नाही, पैसे वाचवा. दाबायच्या चेनचे घ्यायचे तर थंडीच्या ट्रिपसाठी दोन पुरतात, बाकी साधे एका चेनचे जास्त टिकतात. मी पुढच्यासाठी त्या काकांकडूनच चार शिवून घेतलेत, सासूबाईंच्या दोन जुन्या सुती लुगड्यांचे, वरच्या बाजूला मच्छरदाणीची जाळी, नगाला दीडशे शिलाई. कापड हलकं आहे, धुता येतं, हवा खेळते, आणि आकार आमच्या बॅगेच्या मापाचा. शिवून घेणार असाल तर बॅग बरोबर घेऊन जा, आणि ५ नंबरचीच चेन लावायला सांगा, लांब नाडा घालून.