गियर लॉक, छुपा स्विच की ट्रॅकर? गाडी रात्री रस्त्यावर उभी राहत असेल तर

नागपुरात महालातल्या गल्लीत किंवा मानेवाड्याच्या लेआउटमध्ये गाडी रात्रभर बाहेरच असते. तिच्यासाठी आधी काय बसवायचं? आमचं मत ठाम आहे: आधी अडवणारं, मग शोधणारं. कामठीवरून जबलपूर रस्त्याला लागलेली गाडी रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर दोन तासांच्या आत मध्य प्रदेशात पोहोचते, आणि तपास दोन राज्यांच्या पोलिसांत विभागला जातो.

स्टीअरिंगला लावायचा रॉड स्वस्त आहे, पण चोर लॉक कापत नाही, स्टीअरिंगची मऊ कडा कापतो आणि रॉड बाजूला काढतो. लांबून दिसतो, एवढाच त्याचा उपयोग.

मॅन्युअल गाडीला गियर लॉक, म्हणजे गियरचा दांडा जागीच अडकवणारं कुलूप, सर्वांत भरवशाचं. रिव्हर्समध्ये टाकून लॉक केलं की पुढे जाणं बंद. बसवताना एक गोष्ट नक्की पाहा: ब्रॅकेटला साधे नट-बोल्ट लावले, तर कन्सोल (गियरभोवतीचं प्लास्टिकचं आवरण) उघडून पान्याने ते सुटतात. आवळल्यावर डोकं तुटून पडणारे बोल्टच मागा. गोल नॉब फिरवून गियर बदलणाऱ्या ऑटोमॅटिकला हे लॉक बसत नाही. तिथे छुपा स्विच हवा, म्हणजे बंद असताना गाडी सुरू होऊ न देणारा, आत लपवलेला स्विच.

हा स्विच कुठल्या लाइनवर घ्यायचा, यात खरी मेख आहे. स्टार्टरच्या (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरच्या) लाइनवर घेतला, तर मॅन्युअल गाडी धक्का मारून सुरू होते. फ्युएल पंपावर घेतला, तर पाइपातल्या उरलेल्या दाबावर इंजिन काही सेकंद चालून बंद पडतं. मात्र पंपाचा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच, म्हणजे रिले, हलक्या दर्जाचा असेल तर चालत्या गाडीत दगा देऊ शकतो. म्हणून ऑटोमॅटिकला स्टार्टर, मॅन्युअलला पंप. पंपासाठी १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा चांगला रिले घ्या आणि छुपा स्विच रिलेच्या कॉइलवर, म्हणजे रिलेला चालवणाऱ्या कमी करंटच्या वायरवर ठेवा. पंपाचा पूर्ण करंट छोट्या स्विचमधून गेला की तो तापतो. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापू देऊ नका, कपलर (वायर न कापता मध्ये जोडायचा प्लग) लावून घ्या.

गाडी टो करून नेली, तर यातलं काहीच तिचा ठावठिकाणा सांगत नाही. तिथे ट्रॅकरच लागतो. डायग्नोस्टिक पोर्टमध्ये (गाडी तपासायचं यंत्र जोडायच्या सॉकेटमध्ये) खोचायचा नको, चोर तो क्षणात उपटतो. वायरिंगचा घ्या, फ्यूज लावून, प्लास्टिक पॅनेलच्या मागे. वर पत्रा आला तर सिग्नल मरतो. डॅशबोर्डच्या काचेलगत ठेवू नका, नागपूरच्या मे महिन्यात आतली लिथियम बॅटरी फुगते. ट्रॅकर ऐन वेळी गप्प बसण्याचं एक साधं कारण म्हणजे सिमचा संपलेला रिचार्ज.

पुश-स्टार्ट गाडीची चावी दारापाशी टांगू नका. तिचा सिग्नल बाहेरून लांबवून दार उघडता येतं. सिग्नल अडवणारं पाऊच घेतलंत, तर चावी त्यात घालून गाडीजवळ उभे राहा. दार उघडलं, तर पाऊच निकामी.

चोरी झालीच तर आधी ११२, लगेच एफआयआर, त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवणं. फास्टॅगचे मेसेज पुसू नका, टोल कापला गेला तर दिशा कळते. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई नसते. कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे चोरीही धरणारा विमा असेल, तरी कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, त्यामुळे दुसरी चावी आत्ताच शोधून ठेवा.