कोल्हापुरी चपलेचं दुकान ऑनलाइन नेताना: अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्ट, स्वतःची वेबसाइट की व्हॉट्सअ‍ॅप?

कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत गिऱ्हाईक येतं, बाकड्यावर टेकतं, चार जोड पायात घालून बघतं. अंगठा आवळतोय म्हणालं, की तिथल्या तिथे सैल करून मिळतो. दुकान ऑनलाइन नेलं की हे बाकडं जातं. म्हणून कुठलाही मार्ग घेण्याआधी मी एवढंच बघतो, की त्या बाकड्यावर जे बोलणं व्हायचं ते आता कुठे होणार.

हाताने केलेल्या चपलेत आठ नंबरचे दोन जोडसुद्धा हुबेहूब एकसारखे नसतात. त्यातून कापशी, पुकारी असे प्रकारही वेगवेगळे. नवी चप्पल पहिले काही दिवस आवळते, मग कातडं पायाच्या आकाराला येतं. जाणकार माणूस तेवढे दिवस काढतो. नवखा दुसऱ्या दिवशी परत पाठवतो. अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टवर हे समजावून सांगायची सोयच नाही. वर्णनात लिहिता येतं, पण ते कोण वाचतं?

एक हिशेब मांडून बघा. आकडे उदाहरणापुरते, तुमचे तुम्ही घाला. कमिशन, पाठवणी, खोका सगळं जाऊन जोडामागे 200 रुपये सुटतात. दहा जोड गेले, तीन परत आले. सातांचे 1400 मिळाले. परत आलेल्या प्रत्येक जोडाचा जाण्यायेण्याचा खर्च 180 धरला, तर 540 गेले. उरले 860. त्या तिनांतला एक जोड रस्त्यावर चालून तळ खरवडून आला आणि त्याची घडणावळ 700 असेल, तर हातात राहिले 160. दहा जोडांचे! तयार मापाची, मशीनवर शिवलेली चप्पल विकणाऱ्याला हा फटका कमी बसतो, कारण त्याचं माप ठरलेलं असतं. हातकामवाल्याला तो पुरा बसतो. शिवाय तुमच्या चपलेशेजारीच रेक्झिनची ‘कोल्हापुरी’ निम्म्याहून कमी भावात दिसते, आणि मोबाइलच्या पडद्यावर कातड्याचा वास येत नाही.

या संकेतस्थळांचं मोठेपण मात्र मान्य करायला हवं. गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, पैसे बुडत नाहीत, गुवाहाटीचा माणूससुद्धा तुमच्यापर्यंत पोचतो.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस याच्या अगदी उलट. अ‍ॅप फुकट, कॅटलॉग त्यातच, पैसे यूपीआयने. मुख्य म्हणजे बाकड्यावरचं बोलणं इथे टिकतं. गिऱ्हाइकाला सांगायचं: कोऱ्या कागदावर उभं राहा, पायाभोवती पेन्सिल उभी धरून रेघ ओढा, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा. माप शक्यतो संध्याकाळी घ्यायला सांगावं, दिवसभरात पाय थोडा फुगतो. दोन्ही पाय घ्यावेत. बहुतेकांचा एक मोठा असतो. ती रेघ वहीत जपून ठेवा. तोच माणूस पुन्हा आला, की विचारायचं काही राहत नाही. माझ्या मते लहान दुकानाची खरी ऑनलाइन मालमत्ता म्हणजे ही वही.

किंमत मोजावी लागते ती वेळेची. एकेका ऑर्डरीला अर्धा तास जातो, त्यात निम्मी माणसं ‘कळवतो’ म्हणून गप्प होतात. दसरा-दिवाळीत दुकानात गर्दी असताना फोनवर कोण बसणार, हे घरात आधी ठरवा. दिवसाला सात-आठ ऑर्डरींच्या पुढे हा मार्ग एका माणसाला झेपत नाही. इन्स्टाग्राम याला जोड म्हणून चांगलं: वादी कशी ओवतात, वेणी कशी घालतात याचे छोटे व्हिडिओ टाका, चौकशी आपोआप व्हॉट्सअ‍ॅपवर येते.

वेबसाइटवर नाव तुमचं आणि भावही तुमचा. पेमेंट गेटवेवाले, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे तुमच्यापर्यंत पोचवणारे, साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतात. पण आपणहून तिथे कोणी येत नाही. जाहिरातीला पैसे लागतात. वेबसाइट शोभते सांगण्यासारखं काही असलेल्याला. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीने तशाच चपला दाखवल्यावर केवढा गदारोळ झाला! बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं कातडं, खिळ्याशिवायची शिलाई, कोणत्या गावच्या कारागिराचा हात लागला, हे सगळं वेबसाइटवर सविस्तर मांडता येतं. परदेशातली मराठी माणसं यासाठी जास्तीचे पैसे आनंदाने देतात. पण ऑर्डर घेताना मापाचा फोटो तिथेही मागाच.

आता कर. यात चुकलं तर महागात पडतं. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्याने उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असाल, तर राज्याबाहेर माल विकता येत नाही. मग ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर आली तरी बेंगळुरूला जोड पाठवणं नियमात बसत नाही. जीएसटी नोंदणीच नसेल, तर राज्याबाहेर विकायला हस्तकलेच्या काही ठरावीक वस्तूंना सूट आहे. आपला माल त्यात येतो का, ते सीएला विचारून घ्या. भाव ठरवतानाही एक रेषा लक्षात ठेवा: 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या जोडावर 5 टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग जोडावर 18 टक्के.

कुरियरवाले बहुधा वजनाबरोबर खोक्याचं आकारमानही बघतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागायचं. 32 × 20 × 12 चा खोका दीड किलो भरतो, आतली चप्पल किलोभराची असली तरी. पातळ खोका करून घ्या.

माझा कौल असा. हातकाम आणि मापावर ऑर्डर घेणाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपपासून सुरू करावं, वहीत शंभरेक मापं जमल्यावर वेबसाइटचा विचार करावा. तयार मापाचा भरपूर माल असणाऱ्याने अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टवर जावं, पण सगळे प्रकार न टाकता ज्यांचं माप सहसा चुकत नाही असे तीन-चारच ठेवावेत. आणि सुरुवात पावसाळ्यात करा. तेव्हा कातडी चपलेला गिऱ्हाईक कमी असतं, फोटो काढायला आणि कॅटलॉग भरायला वेळ मिळतो, आणि दसऱ्यापर्यंत घरातल्या कोणाचा तरी हात फोनवर बसलेला असतो.