उलटा वर्ग, सात महिने वापरून

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून मी एम.ए. अर्थशास्त्राचे ऑनलाइन तास घेतो. जुलैपासून फ्लिप्ड क्लासरूम चालवतोय. म्हणजे व्याख्यान आधी रेकॉर्ड करून पाठवायचं आणि तासाला फक्त प्रश्न, चर्चा.

पहिले दोन महिने पार फसले. चाळीस-चाळीस मिनिटांचे व्हिडिओ बघून येणारे जेमतेम सात-आठ. बाकीच्यांसाठी मी तासाला तेच पुन्हा शिकवायचो. मग त्या सात-आठांनीही बघणं सोडलं. त्यांचं काय चुकलं?

ऑक्टोबरात कापसाची वेचणी लागली आणि निम्मा वर्ग दिवसभर शेतात. तेव्हा व्हिडिओ सहा-सात मिनिटांवर आणले, शिवाय नुसता ऑडिओही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू लागलो. कापूस वेचता वेचता कानात घालून ऐकतात पोरी. आलेख काही ऐकून कळत नाही, म्हणून वहीवर काढून त्याचा फोटो सोबत. हा सगळा उद्योग रात्रीचा. वर्कलोडच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

तासाची रीत हार्वर्डच्या एरिक माझूर यांची. भौतिकशास्त्राच्या वर्गात ते 1990च्या दशकापासून ती वापरत आले: एक प्रश्न, आधी एकट्याने मत, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा मत. आमचा शेजारी म्हणजे तिघातिघांची ब्रेकआउट रूम, ऑनलाइन तासातलीच छोटी वेगळी खोली. कुणाची लाइन गेली की दोघंच उरतात.

डिसेंबरात विषय होता किमान किंमत. प्रश्न टाकला: लांब धाग्याच्या कापसाला 2025-26चा हमीभाव 8110 रुपये क्विंटल, बाजार त्याच्या खाली, तर कापसाचं काय होईल? माझ्या व्हिडिओप्रमाणे उत्तर ‘माल पडून राहील’. पहिल्या फेरीत बहुतेकांनी तेच दिलं. चर्चेनंतर मतं सरकली ती मी चुकीच्या धरलेल्या पर्यायाकडे, ‘कमी भावात विकला जाईल’. मी दुरुस्त करायच्या बेतात होतो, तेवढ्यात एका पोरीने माइक सुरू केला, “सर, हमीभाव देते कोन? खेडा खरेदीवाला काट्यावरच भाव पाडते. अन् घरी पैसा लागते, ठेवता कसं कापूस?”

पुस्तकातला माल पडून राहतो, कारण तिथे त्या किमतीखाली विकायला बंदी असते. आपला हमीभाव म्हणजे सरकारी खरेदीचा भाव; गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला तो प्रत्यक्षात बांधत नाही. एवढी गोष्ट माझ्या सहा मिनिटांत नव्हती. जुन्या पद्धतीत मी बोलत राहिलो असतो आणि तिने माझं ‘माल पडून राहील’ लिहूनही घेतलं असतं.

तो व्हिडिओ पुन्हा केला. या वेळी सुरुवात काट्यापासून.