१९५७ सालातला एकच चित्रपट निवडायचा तर

हिंदी चित्रपटांच्या एखाद्या वर्षातून आपला सर्वांत आवडता चित्रपट निवडायचा ठरवले, तर १९५७ या वर्षापाशी हात सर्वाधिक अडखळतो. ‘प्यासा’, ‘नया दौर’, ‘मदर इंडिया’ आणि ‘दो आँखें बारह हाथ’ हे चारही चित्रपट त्या एकाच वर्षातले. स्वातंत्र्याला दहा वर्षे पूर्ण होत होती, दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झालेली होती, आणि या नव्या देशात माणसाची किंमत कोण आणि कशावरून ठरवणार, हा प्रश्न चारही दिग्दर्शकांनी आपापल्या परीने विचारला होता. कवी, टांगेवाला, शेतकरी स्त्री आणि तुरुंगाधिकारी यांच्या कथा एकाच तराजूत घालता येतात त्या यामुळेच. पुरस्कार आणि गल्ला यांचा हिशेब मी येथे धरलेला नाही. आपण विचारलेल्या प्रश्नाशी चित्रपट शेवटच्या दृश्यापर्यंत प्रामाणिक राहिला का, एवढे एकच पाहिले आहे.

या कसोटीवर ‘नया दौर’ सर्वांत आधी मागे पडतो. यंत्र आले तर टांगेवाल्यांनी जगायचे कसे, हा बी. आर. चोप्रा यांनी उभा केलेला प्रश्न खराच होता. परंतु त्याचा निकाल बस आणि टांगा यांच्या शर्यतीवर लावल्यामुळे तो सुटण्याऐवजी टळतो. गावकरी एकत्र येऊन रस्ता बांधतात तो भाग, दिलीपकुमार यांचा अभिनय आणि ओ. पी. नय्यर यांचे संगीत यांसाठी तो अवश्य पाहावा. घरातल्या सर्वांनी मिळून आनंदाने पाहायचा चित्रपट हवा असेल, तर चौघांत हाच उत्तम.

‘मदर इंडिया’ची गोष्ट वेगळी आहे. मेहबूब खान यांनी स्वतःच्याच १९४० सालच्या ‘औरत’ची कथा पुन्हा हाती घेतली आणि ती रंगीत, भव्य करून मांडली. कन्हैयालाल यांनी दोन्ही चित्रपटांत सावकार सुखीलाला साकारला, आणि दुसऱ्या खेपेला तर तो इतका मुरलेला आहे की त्याच्या नुसत्या लाघवी बोलण्याने अंगावर काटा येतो. नर्गिस स्वतः खांद्यावर जू घेऊन नांगर ओढतात, ते दृश्य आज भित्तिचित्रासारखे सर्वांच्या ओळखीचे झाले आहे. तरीही पडद्यावर पाहताना त्यातली ओढ अस्सल वाटते. ऑस्करच्या परभाषिक चित्रपटांच्या विभागात अंतिम नामांकन मिळवणारा हा पहिला भारतीय चित्रपट होता. माझी तक्रार आहे ती त्याच्या आवाजाविषयी. प्रत्येक दुःख इतक्या ठळकपणे अधोरेखित केले जाते की प्रेक्षकाला स्वतःहून काही जाणवायला जागाच उरत नाही. शेवट मात्र या तक्रारीला पुरून उरतो. गावच्या लेकीची अब्रू राखण्यासाठी आई स्वतःच्या मुलावर बंदूक चालवते आणि लगेच धावत जाऊन त्यालाच कवटाळते. न्याय आणि माया यांपैकी एकीलाही तेथे सूट मिळालेली नाही.

‘दो आँखें बारह हाथ’ मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटावा, याला कारण आहे. औंध संस्थानातील स्वतंत्रपूर येथे कैद्यांची जी खुली वसाहत उभी राहिली, तिच्यावरून ही कल्पना सुचली; कथा ग. दि. माडगूळकर यांची, संगीत वसंत देसाई यांचे. व्ही. शांताराम यांनी सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर एवढ्याच सामग्रीवर चित्रपट तोलला आहे. बाजारात भाजी विकायला गेलेल्या या सहा जणांवर व्यापाऱ्यांची माणसे तुटून पडतात, आणि हात न उचलण्याचा शब्द दिलेला असल्यामुळे ते मार खात राहतात. ज्या हातांनी खून केले, ते हात आता उचलले जात नाहीत, हे कोणत्याही संवादाविना कळते. संध्या यांनी साकारलेली खेळणी विकणारी स्त्री मात्र मला कथेत बाहेरून आणल्यासारखी वाटते, आणि जेलरच्या चांगुलपणाला कुठेही तडा जात नसल्याने ताण कधी कधी सैल पडतो.

उरतो ‘प्यासा’, आणि माझी निवड तोच आहे. विजयच्या कविता त्याचे भाऊ रद्दीत विकून टाकतात, आणि त्या जपते ती समाजाने झिडकारलेली गुलाबो. माणसाची किंमत कोण ठरवतो, याचे यापेक्षा नेमके चित्र त्या वर्षात दुसरे सापडत नाही. तो मेला असे समजून त्याच्याच नावाने सभा भरते, तेव्हा तो दारात येऊन उभा राहतो. मागून येणाऱ्या उजेडात त्याचा चेहरा दिसत नाही, नुसती आकृती दिसते, छायाचित्रणकार व्ही. के. मूर्ती यांनी एका दारात सबंध चित्रपट सामावला आहे. साहिर लुधियानवी यांचे शब्द आणि सचिनदेव बर्मन यांची चाल तेथे कथेला थांबवत नाहीत, पुढे नेतात. धुक्यातले स्वप्नगीत तेवढे वगळले असते तर बरे झाले असते.

एकदाच पाहून मन भरून यावे अशी इच्छा असेल, तर ‘मदर इंडिया’ किंवा ‘दो आँखें बारह हाथ’ निवडावा. पुन्हा पुन्हा पाहायचा असेल, तर ‘प्यासा’. त्याच्या आरंभी विजय बागेत पडून फुलावरच्या भुंग्याकडे कौतुकाने पाहत असतो. भुंगा गवतावर उतरतो आणि कोणाच्या तरी बुटाखाली चिरडला जातो. पहिल्या खेपेला हे दृश्य सहज निसटून जाते. दुसऱ्या खेपेला तो बूट दिसताच पुढचे सारे आठवते.