आखाजीचं चित्रपुस्तक आणि बिनपडद्याचा पेन टॅब्लेट: वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी चित्रपुस्तक करायचं असेल आणि हात कागदावर बसलेला असेल, तर पाच हजारांच्या आतला, स्क्रीन नसलेला पेन टॅब्लेट पुरतो; म्हणजे लॅपटॉपला जोडायची पाटी, तिच्यावर पेन फिरवला की रेघ लॅपटॉपच्या पडद्यावर उमटते. पण त्याने चित्र चांगलं येतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. माझी रेघ अजूनही दोन नंबरच्या ब्रशनेच जास्त जिवंत येते. टॅब्लेटचा फायदा वेगळाच आहे: काढलेलं चित्र मोडायला तो स्वस्त आहे. आणि चित्रपुस्तक काढण्यापेक्षा मोडण्यातच जास्त घडतं, निदान माझं तरी तसंच घडलं.

मी अमळनेरला असते. चित्रकलेचे वर्ग घेते, उरलेल्या वेळात पुस्तकाचं काम. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर टॅब्लेट घेतला आणि या उन्हाळ्यात पुस्तक छापायला गेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतले टॅब्लेट वापरायला फार वेगळे वाटत नाहीत. माझ्याकडचा १० × ६.२५ इंच कामाच्या जागेचा आहे. पेनला बॅटरी नाही, दाबाच्या (जोर वाढला की रेघ जाड) ८१९२ पातळ्या खोक्यावर छापल्यात. त्यातल्या किती आपल्या हाताला कळतात हा प्रश्न सोडून द्या. सोबत क्रिटा हे चित्रांचं सॉफ्टवेअर. ते मोफत आहे, विंडोज आणि लिनक्सवर चालतं, आणि रोजच्या कामाला मला दुसरं काही लागलं नाही.

पुस्तक आखाजीचं, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेचं आहे. त्या सणाला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई बसते, घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. माझ्या गोष्टीतली मुलगी झोक्यावर आपला नंबर कधी येतो याची वाट बघत असते, आणि झोका काही रिकामा होत नाही. आत्या बसते, मग मावशी, मग शेजारची काकू. मजकूर म्हणतो ‘आता माझा नंबर’ आणि चित्रात आजी लुगडं खोचून झोक्यावर चढत असते. मजकुराला जे माहीत नाही ते चित्राला माहीत असावं, एवढाच त्यातला डाव. तेच दोन्हीकडे सांगितलं असतं तर मुलांनी दुसऱ्या पानाला जांभई दिली असती.

साने गुरुजींनी ज्या गावात मास्तरकी केली त्या गावात मुलांचं पुस्तक करतेय म्हटलं की लोक आधी तात्पर्य विचारतात. या पुस्तकाला तात्पर्य नाही. आजी झोक्यावर बसते, एवढंच.

आता यंत्राबद्दल. हात खाली टेबलावर आणि डोळे वर पडद्यावर, याची सवय व्हायला मला महिना लागला. गप्पा मारत कळण्याची भाकरी थापणाऱ्या बाईला ही सवय लवकर लागेल. तिचं तरी कुठे हाताकडे लक्ष असतं. पहिल्याच दिवशी एक गोष्ट करून घ्या. टॅब्लेटचं प्रमाण १६:१० आणि लॅपटॉपचा पडदा बहुतेक १६:९. सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याची खूण केली नाही, तर तुम्ही गोल काढाल आणि पडद्यावर आडवं अंडं येईल. थोडी पट्टी वाया जाते, जाऊ द्या. दाबाचा आलेखही आपल्या हाताप्रमाणे बदलून घ्यावा. माझा हात जड आहे, त्यामुळे मूळ सेटिंगवर प्रत्येक रेघ जाडच यायची.

एक युक्ती फार उपयोगी पडली. या पेनचा सिग्नल कागदातून जातो. पेन्सिलीचं कच्चं चित्र टॅब्लेटवर ठेवून चिकटपट्टी लावायची आणि वरून पेन फिरवायचा. रेघ पडद्यावर येते. स्कॅनर नसला तरी चालतं. शिवाय कागदाचा खरखरीतपणा हाताला ओळखीचा वाटतो. मात्र त्याने पेनाचं टोक लवकर झिजतं. माझी सोबत आलेली टोकं बरीच संपली.

पण मांडणी टॅब्लेटवर करू नका, हे मी ठासून सांगेन. आधी कागद दुमडून डमी करायची. माझं पुस्तक २४ पानांचं, म्हणजे दीड फर्मा (छपाईचा एक फर्मा सोळा पानांचा). पहिलं पान नावाचं, दुसरं श्रेयनामावलीचं, तिसऱ्यावर गोष्ट सुरू. मग ४-५ पासून २२-२३ पर्यंत दहा जोडपानं (समोरासमोरची दोन पानं मिळून एक) आणि शेवटचं २४वं एकटं. हा हिशेब पडद्यावर कळत नाही, कारण तिथे पान उलटत नाही. आजी झोक्याकडे निघालेली उजव्या पानावर आणि चढलेली पान उलटल्यावर, असं हवं होतं. दोन्ही चित्रं एकाच जोडपानावर आली असती तर गंमत तिथेच मेली असती. टाचलेल्या डमीत ते अर्ध्या मिनिटात दिसतं.

डमी घेऊन मी गल्लीतल्या आणि जवळच्या अंगणवाडीतल्या मुलांसमोर बसत गेले. इथे टॅब्लेटचे पैसे वसूल झाले. मोठ्या झोक्याच्या जोडपानात मी दोर पानाच्या वरच्या कडेतून बाहेर जाताना दाखवला होता. फांदी पानाबाहेर, दिसायला ऐटदार. एका पोराने बोट ठेवून विचारलं, “दोर कोठे बांधेल शे?” मग दुसऱ्याने तेच, तिसरीनेही तेच. त्या वयाला पानाबाहेर गेलेली फांदी ही नसलेली फांदी, आणि दोर कशालाच बांधलेला नसेल तर आत्या पडणार! त्यांचा सगळा जीव त्या काळजीत. गोष्ट कुणी ऐकेना. कागदावर हे चित्र असतं तर अख्खं पुन्हा रंगवावं लागलं असतं, आणि मी ते केलं असतं की नाही याची मलाच शंका आहे. इथे झोका, बाया आणि आभाळ वेगवेगळ्या थरांवर होते, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे. सगळं थोडं लहान करून खाली सरकवलं, वर आडवी फांदी काढली, तिला दोराची गाठ दाखवली. एका संध्याकाळचं काम. आता मुलं आधी ती गाठ बघतात आणि मग गोष्टीकडे वळतात.

तसंच पानांमधल्या घडीचं. झोक्यावरच्या बाईचा चेहरा जोडपानाच्या बरोबर मध्ये आला की घडी तो गिळते. पिन मारलेल्या पुस्तकात मधलं जोडपान एकाच कागदाचं असतं, तिथे निभावतं. बाकीच्या जोडपानांत डावं-उजवं जुळेलच असं नाही. चिकटवून बांधलेल्या पुस्तकात तर आणखी आत जातं. मी क्रिटात मध्यावर दोन निळ्या रेघांची पट्टी आखून ठेवली आहे. त्या पट्टीत डोळे, हात आणि अक्षर यायला बंदी. जमीन, आभाळ, भिंत खुशाल येऊ देत.

थरांचा मोहही सांगते. एकदा मुलीचा चेहरा छान जमला की तोच उचलून दहा पानांवर चिकटवावासा वाटतो. तसं केलेली पुस्तकं लगेच ओळखू येतात: मुलगी हसते तीही तीच, रडवेली होते तीही तीच, फक्त भुवया फिरवलेल्या. मी खाट, ओटा, निंबाचं खोड आणि दरवाजा पुन्हा वापरते. माणसं दर पानाला नव्याने. त्यासाठी एक नमुना-पान केलं: मुलगी आजीच्या कमरेएवढी, वेणी डाव्या खांद्यावर, झग्याला दोन बटणं. क्रिटात हे पान संदर्भचित्र म्हणून बाजूला ठेवता येतं. बटणांवर हसू नका. एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दोन दिसली की मुलं वाचन थांबवून मोजायला लागतात. लुगड्याच्या काठासाठी क्रिटातली डब्ल्यू कळ दाबून येणारी पद्धत वापरली. नक्षीचा एक तुकडा काढला की तो चारही बाजूंनी जुळत जातो.

फाइल जड होते, याची तयारी ठेवा. १६ × ८ इंचाचं जोडपान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे ४८०० × २४०० पिक्सेल, कटिंगसाठी चहूबाजूंनी ३ मिलिमीटर जादा सोडायचे ते वेगळे. पूर्ण भरलेला एक थर साधारण ४६ एमबी मेमरी खातो. ८ जीबी रॅमच्या माझ्या लॅपटॉपवर वीसेक थर झाले की पंखा ओरडायला लागतो. त्यात आमचा मे महिना! पारा ४५च्या आसपास, तळव्याला घाम, टॅब्लेटवर हात चिकटतो आणि रेघ अडखळते. विकतच्या दोन बोटांच्या हातमोज्यापेक्षा जुना सुती मोजा कापून केलेला बरा, तो घाम पितो. लाइट गेली तर टॅब्लेट लॅपटॉपच्या बॅटरीवर चालत राहतो, हा गुण खेड्यात काम करणाऱ्याने नक्की धरावा. कंट्रोल-ऑल्ट-एस दाबून दर टप्प्याची नवी प्रत साठवण्याची सवयही लावून घ्या.

तक्रारी दोन. केबलची खाच काही महिन्यांत सैल झाली, केबल एका ठरावीक कोनात ठेवली तरच पेन ओळखला जातो. दुरुस्ती जवळपास होत नाही, पाठवा म्हणाले. आणि संगणकाच्या एका अपडेटनंतर पेनचा दाब अचानक गेला, सगळ्या रेघा एका जाडीच्या. त्यावर उपाय क्रिटाच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये आहे: विनटॅब आणि विंडोज इंक या पेनचा दाब सॉफ्टवेअरला कळवायच्या दोन पद्धती, त्यांतली चालू नसलेली निवडायची आणि सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करायचं.

रंगांचं मात्र टॅब्लेटच्या हातात काही नाही. केळीच्या पानाचा जो हिरवा पडद्यावर झळकतो तो फोर कलर छपाईत (निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाया) येतच नाही. शाईला तो जमत नाही. आमची काळी जमीन तर मॅप्लिथोवर नुसती चिखलासारखी उतरली, कारण हा कागद शाई पितो आणि गडद रंग आणखी गडद होतात. क्रिटात छपाईचा रंग आधी पडद्यावर बघायची सोय आहे, तिने बराच अंदाज येतो. तरी जळगावला जाऊन ज्या कागदावर पुस्तक निघणार त्याच कागदावर दोन जोडपानं काढून आणली. काळी दोन पायऱ्या उजळ केली, तिच्यात लाल-तपकिरी वाढवला, मग ती काळी दिसली. आर्ट पेपर घेतला असता तर रंग राहिले असते, पण खिडकीजवळ वाचताना तो चकाकतो आणि महागही पडतो.

मजकूर चित्राच्या फाइलमध्ये टाकायचा नाही. मी तो स्क्रायबस या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा बसवते आणि फक्त शुद्ध काळ्या शाईत ठेवते. कारण अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी, यावल-रावेरला लेवा गणबोली, सातपुड्यात चढलं की पावरी. पुढे दुसऱ्या बोलीत पुस्तक काढायचं झालं तर रंगाच्या तीन प्लेट त्याच राहतात, फक्त काळी बदलते. म्हणून पाटीवर, दुकानावर वगैरे चित्राच्या आतसुद्धा मी अक्षरं काढत नाही. फाँट घेताना ‘ल’ आणि ‘श’ बघून घ्या. पुष्कळ फाँटमध्ये ते हिंदी वळणाचे येतात आणि पहिलीतलं पोर अडखळतं. काही फाँटमध्ये मराठी वळण आत असतं, भाषा मराठी निवडली की ते वर येतं.

मांडणी शिकायला पैसे घालवायची गरज नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून चित्रपुस्तकं मोफत आहेत, मराठीतलीही भरपूर, आणि खुल्या परवान्याची असल्याने उतरवून छापताही येतात. मी त्यातली काही छापून, दुमडून, मुलांसमोर वाचून बघितली. कुठे मुलं पुढे सरकतात आणि कुठे चुळबुळ करतात ते तिथेच कळलं.

पडदा असलेला टॅब्लेट घ्यावा का, असं वर्गातल्या मुली विचारतात. त्याला चौपट-पाचपट पैसे पडतात. एका पुस्तकासाठी मी घेणार नाही. त्या पैशांत मॅप्लिथोवर निदान थोड्या प्रती तरी निघतील. ज्याला दिवसाचे सहा-सात तास चित्रंच काढायची आहेत त्याने घ्यावा, मान आणि डोळे दोन्ही वाचतील. बाकीच्यांनी हा साधा घ्या, आणि ऑर्डर करतानाच टोकांची दोन जादा पाकिटं व एक जादा केबल त्यात टाका. आमच्या गावात दोन्ही मिळत नाहीत.