मुक्ता फॉन्ट: मराठी ॲप बनवणाऱ्यांसाठी

मराठी ॲपला कोणता फॉन्ट घेऊ, असं कुणी विचारलं की मी मुक्ता सांगते. तो डाउनलोड करायला काहीच लागत नाही. पडद्यावर नीट बसवायला मात्र कसब लागतं आणि टीमला पटवायला चिकाटी. पुण्यात प्रॉडक्ट डिझायनर म्हणून मी पतसंस्थांच्या खातेदारांसाठी ॲप करते, त्यामुळे हे सगळं रोजच्या वापरातून लिहिते आहे.

मुक्ता मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा. गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी त्याची देवनागरी घडवली. एक्स्ट्रालाइटपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत सात वजनं, म्हणजे अक्षराच्या जाडीच्या सात पायऱ्या, आहेत, आणि ओपन फॉन्ट लायसन्स असल्यामुळे धंद्याच्या कामातही फुकट वापरता येतो. रेघेची जाडी जवळपास सगळीकडे सारखी, अक्षरांची पोटं मोकळी. स्वस्त फोनवर बारीक आकारातही 'थ' आणि 'ध' वेगळे ओळखू येतात, ही माझ्या लेखी त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

नवा फॉन्ट हाती आला की मी आधी 'सर्वांत', 'विद्यार्थ्यांनी', 'दऱ्याखोऱ्यांतून' हे शब्द टाइप करते. 'सर्वांत' लिहिताना रफार आणि अनुस्वार दोघेही एकाच कान्याच्या डोक्यावर जागा मागतात. ढिसाळ फॉन्टमध्ये तिथे नुसता काळा डाग उरतो. मुक्तात रफाराचा बाक स्पष्ट दिसतो आणि टिंब त्याला न चिकटता शेजारी बसतं. 'दऱ्या'मधला आडवा अर्धा र य ला नेमका जोडलेला आहे. कुणीतरी तासन् तास बसून हे केलंय, हे बघताक्षणी कळतं. विंडोजमधला मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशींनी केला, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं? ज्यांच्या अक्षरांवर आपली कामं चालतात त्यांची नावं डिझायनरला तरी ठाऊक हवीत.

आता बसवण्याबद्दल. बहुतेक डिझाइन सिस्टीमचे, म्हणजे ॲपभर पाळायच्या मापांच्या नियमांचे, आकडे रोमन अक्षरं समोर ठेवून ठरलेले असतात. आमचेही तसेच होते: १६ आकाराच्या अक्षराला २० उंचीची ओळ, आणि बटणावरच्या अक्षरांत थोडं जास्तीचं अंतर. इंग्रजीत छान दिसायचं. त्याच चौकटीत 'कर्जाची मुदत वाढवा' टाकलं की वर रफार आणि खाली उकार दोन्ही छाटले जायचे, आणि ते जास्तीचं अंतर शिरोरेषेचे तुकडे करायचं. शिरोरेषा तुटली की शब्द एकसंध राहत नाही, वाचणारा एकेक अक्षर जुळवत बसतो. मुक्तासाठी माझा हिशेब असा: मजकुराला ओळीची उंची अक्षराच्या किमान दीडपट, शक्यतो १.६, आणि अक्षरांमधलं जास्तीचं अंतर शून्य. बटणाची उंची मराठी मजकूर घालून ठरवा, इंग्रजी त्यात आपोआप मावतं.

एवढं साधं, पण ते मान्य करून घेणं सोपं नव्हतं. ओळ वाढली की पहिल्या पडद्यावर दोन नोंदी कमी दिसतात, यावर प्रॉडक्ट मॅनेजर अडून बसला. देवनागरीला जागा लागते, हे वाक्य मीटिंगमध्ये कितीही वेळा म्हटलं तरी कुणाला काही वाटत नाही. म्हणून मी एकसारख्या दोन स्वस्त फोनांवर जुना आणि नवा पडदा घेतला आणि मॅनेजरला घेऊन एका पतसंस्थेत गेले. काउंटरवरच्या ताईंनी जुन्या पडद्याचा फोन घेतला, 'थकीत हप्त्यांवरील व्याज' वाचताना तो लांब धरला, मग जवळ आणला, मग चष्मा वर केला. दुसऱ्या फोनवरची तीच ओळ त्यांनी पासबुकात नोंद करता करता वाचली. परतताना मॅनेजरनेच विचारलं, बाकीच्या पडद्यांचं कधी करतेस?

इंजिनियरांची काळजी वेगळी होती, ॲपचा आकार. त्यांना सांगितलं, सातही वजनं नकोत, रेग्युलर आणि सेमीबोल्ड पुरेत. आमचा तमिळ सहकारी याच कुटुंबातल्या मुक्ता मलारमुळे खूश झाला. गुजरातीसाठी मुक्ता वाणी आणि गुरमुखीसाठी मुक्ता माही आहेत, त्यामुळे चार लिप्यांत ॲपचा चेहरा एकच राहतो. हिशेब विभागाला लायसन्सची फी नाही, एवढंच ऐकायचं होतं. ज्याला जे टोचतं त्याला त्याचंच उत्तर द्यावं लागतं, आणि ती उत्तरं फॉन्टची फाइल आतून बाहेरून माहीत असल्याशिवाय सापडत नाहीत.

दिवाळी अंकातली लांब कथा मात्र मी मुक्तात लावणार नाही. एकसारख्या रेघेचं अक्षर पानामागून पान वाचायला कोरडं वाटतं. तिथे तिरो देवनागरी मराठी घ्या. तोही फुकट आहे, कलमाचा जाड-बारीकपणा त्यात आहे, आणि हिंदी व संस्कृतसाठी त्याच्या वेगळ्या आवृत्त्या आहेत. २००९च्या शासन निर्णयात सांगितलेले पाकळीचा ल आणि देठाचा श ज्यांना हवेत, त्यांनी मराठी आवृत्ती निवडावी. फॉन्ट कुठलाही असो, वेबपानावर मजकुराची भाषा मराठी असल्याची नोंद कोडमध्ये करा. ज्या फॉन्टांत मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात, ती या नोंदीमुळेच उमटतात.

ॲप, फॉर्म, पावत्या, एसटी स्टँडवरचे फलक: मुक्ता डोळे झाकून घ्या. फक्त एक्स्ट्रालाइट छोट्या आकारात वापरू नका, उन्हात फोन धरला की अक्षर दिसेनासं होतं.