मायकोप्लाझ्मा न्यूमोनिया: रक्तातील प्रतिपिंडे तपासावीत की पीसीआर करावी?

तापाचा चौथा दिवस, कोरडा खोकला, एक्स-रेमध्ये डाग आणि हातात ‘मायकोप्लाझ्मा आयजीएम निगेटिव्ह’ असा रिपोर्ट. एवढ्यावरून मायकोप्लाझ्मा (न्यूमोनिया घडवणारा एक जंतू) नाही असे म्हणता येत नाही, कारण आयजीएम ही संसर्गानंतर आधी तयार होणारी प्रतिपिंडे मोजण्याइतकी वाढायला लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण आठवडा लागतो. म्हणून आकड्याआधी नमुना आजाराच्या कितव्या दिवशी घेतला ते पाहावे.

पॉझिटिव्ह आयजीएमही निर्विवाद नसते. ते काही महिने रक्तात टिकू शकते, त्यामुळे पावसाळ्यातला संसर्ग हिवाळ्यातल्या न्यूमोनियाच्या नावावर जमा होऊ शकतो. उलट प्रौढांना पुन्हा संसर्ग झाल्यास आयजीएम वाढेलच असे नाही. त्यामुळे मुलांच्या निगेटिव्ह रिपोर्टला जेवढे वजन द्यावे, तेवढे चाळिशीतल्या रुग्णाच्या रिपोर्टला देऊ नये. एकट्या आयजीजीवरून (मागाहून तयार होऊन दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रतिपिंडांवरून) तर संसर्ग कधीतरी होऊन गेला, एवढेच कळते.

जोडीने घेतलेले नमुने अधिक भरवशाचे. पहिला सुरुवातीला आणि दुसरा दोन ते चार आठवड्यांनी घेऊन टायटर (रक्तद्रव किती पट पातळ करूनही प्रतिपिंडे सापडतात, तो आकडा) किमान चौपट वाढले का, हे पाहतात. १:४० चे १:१६० झाले तर ती खरी वाढ. १:८० झाले तर फरक एकाच पायरीचा, आणि तेवढा तर तोच नमुना पुन्हा तपासतानाही पडू शकतो. मात्र हे उत्तर हाती येईपर्यंत रुग्ण बहुधा बरा झालेला असतो, म्हणून ही पद्धत साथीच्या अभ्यासाला सोयीची, औषध ठरवायला नाही.

पहिल्या आठवड्यात मी घशातील स्वॅबच्या किंवा बेडक्याच्या पीसीआरला, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला, झुकते माप देईन. तिचीही एक खोट आहे: निरोगी मुलांच्या घशातही हा जंतू सापडतो. आठवडा उलटल्यावर मात्र पीसीआर आणि आयजीएम एकत्र वाचावे. या जंतूला पेशीभित्तिका नसल्याने अमॉक्सिसिलिन त्याच्यावर चालत नाही. ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन लागते. रिपोर्ट काहीही आला तरी औषध तेच राहणार असेल, तर दोन्हींचा खर्च वाचवावा.

दोन आठवड्यांहून जुन्या खोकल्यात क्षयरोगाची शंका घेऊन बेडकाच तपासावा. क्षयरोगासाठी रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचण्यांवर भारत सरकारने २०१२ सालीच बंदी घातली आहे.